छर्रा जाड, अंतर आखूड

कोल्हा तिसऱ्या दिवशी सापडला. ओढ्याकाठच्या झुडपात, पाण्यापासून चार-पाच हातांवर. मागचा डावा पाय मांडीत मोडलेला, आणि बरगड्या संपतात त्याच्या मागे, पोटात, करंगळीचं टोक जाईल एवढं एकच भोक. भोकाभोवतीचे केस चिकटून वाळले होते, त्यावर माश्या बसल्या होत्या. डोळे उघडे होते आणि श्वास चालू होता. मी जवळ गेलो तेव्हा त्यानं उठायचा प्रयत्न केला. पुढचे दोन पाय रोवले, मान वर उचलली, पण मागचा भाग जमिनीवरच राहिला. पुढचं काम मला करावं लागलं.

ज्यानं तो बार काढला होता तो माणूस निर्दय नव्हता. उलट त्यानं मुद्दाम एस.जी.चं, म्हणजे फार जाड छर्ऱ्याचं, काडतूस भरलं होतं. बारीक छर्ऱ्यानं जनावर तडफडतं, जाड छर्ऱ्यानं जागच्या जागी पडतं, म्हणून जाड घ्यावा, असं त्याला वाटत होतं आणि तो ते मनापासून सांगत होता. अंतर किती होतं, असं मी विचारलं. 'चाळीसेक मीटर असेल,' तो म्हणाला. चाळीस मीटर म्हणजे फार लांब, असं त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ज्या परवानगीच्या जोरावर तो बंदूक घेऊन बसला होता, तिच्यातही त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. कोणता प्राणी मारायचा, किती मारायचे, कधीपासून कधीपर्यंत, एवढंच त्यात होतं.

माझं म्हणणं या रिकाम्या जागेबद्दल आहे. उपद्रवी प्राण्यांना बंदुकीनं मारायची मुभा जिथे दिली जाते, तिथे छर्ऱ्याचा आकार आणि बार काढायचं जास्तीत जास्त अंतर ही दोन्ही त्या परवानगीत लिहिलेली असली पाहिजेत, आणि त्या अंतरावर आपली बंदूक नेमकं काय करते हे कागदावर दाखवल्याशिवाय कुणालाही ती मुभा मिळता कामा नये. नुसता जाड छर्रा सक्तीचा करून भागत नाही. खरं तर अंतराची अट नसेल, तर जाड छर्ऱ्यामुळे हाल कमी होण्याऐवजी पुष्कळदा वाढतात.

प्राणी मारावेतच का, हा प्रश्न मी टाळत नाही, पण तो आजचा विषय नाही. ज्याची कोकरं एका रात्रीत गेली किंवा ज्याचं उभं पीक डुकरांनी लोळवलं, त्याला बाहेरून उपदेश करायचा मला हक्क नाही. कुंपण, राखणीची कुत्री, रात्री जनावरं आत बांधणं, हे सगळं आधी करावं, आणि जिथे ते नीट केलं जातं तिथे बंदुकीची गरज बरीच कमी होते, हे मी पाहिलेलं आहे. एका भागातले कोल्हे मारले तर मोकळी झालेली जागा आजूबाजूचे तरुण कोल्हे येऊन भरतात, हेही खरं. तरीही काही वेळा मारण्यावाचून इलाज नसतो. त्या काही वेळांपुरतं मी बोलतो आहे.

आधी छर्ऱ्यांच्या नावांचा गोंधळ समजून घ्यायला हवा, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. आकडा जसा वाढतो तसा छर्रा बारीक होतो. ब्रिटिश मोजणीतला 6 नंबर म्हणजे 2.6 मिलिमीटर, 4 नंबर म्हणजे 3.1 मिलिमीटर. त्यापुढे जाड छर्ऱ्यांना अक्षरं येतात. बी.बी. 4.1 मिलिमीटर, ए.ए.ए. 5.2, एस.एस.जी. 6.8, एस.जी. 8.4 आणि एल.जी. 9.1. अमेरिकन मोजणीत मात्र बी.बी. म्हणजे 4.57 मिलिमीटर. म्हणजे अक्षरं तीच आणि छर्रा वेगळा. त्याहून घातक गोष्ट 4 नंबरची. अमेरिकन पद्धतीत पक्ष्यांसाठीचा 4 नंबर सुमारे 3.3 मिलिमीटरचा, आणि मोठ्या जनावरांसाठीच्या 'बकशॉट' जातीतला 4 नंबर 6.1 मिलिमीटरचा. दोन्हींच्या वजनात सहापटींहून अधिक फरक. नुसतं 'चार नंबर दे' असं म्हणून काडतूस घेणाऱ्याच्या हातात काय पडेल, ते तो कुठून आणि कुणाकडून घेतो यावर ठरतं. त्यामुळे नियम लिहायचा तर अक्षरांत लिहू नये, मिलिमीटरमध्ये लिहावा.

आता जाडीचा हिशेब. गोळ्याचं वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं. काडतुसात एकूण शिसं मात्र ठरावीकच मावतं. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) एका सर्वसाधारण जड काडतुसात 36 ग्रॅम धरू. त्यात 6 नंबरचे साधारण 340 छर्रे बसतात. बी.बी.चे नव्वदच्या आत-बाहेर, ए.ए.ए.चे पंचेचाळीसच्या आसपास. एस.जी.चे फक्त दहा. जाडी वाढवली की प्रत्येक छर्ऱ्याचा घाव मोठा होतो, पण एकूण घावांची संख्या झपाट्यानं घटते. छर्ऱ्याच्या बंदुकीचा सगळा भरवसा संख्येवर असतो. रायफलची एक गोळी नेमक्या जागी धाडता येते. छर्ऱ्यांचं तसं नसतं. ते नळीतून एकत्र निघतात आणि हवेत पसरत जातात, आणि त्यातला कोणता कुठे जाईल हे कुणाच्याही हातात नसतं. आपल्या हातात एवढंच असतं, की पसरलेल्या थव्यात इतकी दाटी ठेवायची की मर्मस्थानावर तीन-चार तरी पडलेच पाहिजेत.

ही दाटी मोजायची जुनी आणि साधी रीत आहे. 40 यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, मोठा कागद ताणून लावायचा, त्यावर बार काढायचा, आणि जिथे भोकं सगळ्यात दाट पडली असतील तिथे 30 इंच, म्हणजे 76 सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ आखून आतली भोकं मोजायची. नळीच्या तोंडाशी जी किंचित आवळ असते, ज्याला चोक म्हणतात, तिच्यावर हे प्रमाण ठरतं. पूर्ण चोक असेल तर साधारण 70 टक्के छर्रे वर्तुळात येतात, सरळ नळीचे 40 टक्के. मध्यम म्हणून 60 टक्के धरू.

त्या कोल्ह्यानंतर काही दिवसांनी मी त्या माणसाला घेऊन हाच प्रयोग केला. घरातली चहाची बशी कागदावर पालथी ठेवून पेन्सिलीनं तिच्याभोवती रेघ मारली. कोल्ह्याचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जेवढी जागा होते ती साधारण तेवढीच, 15 सेंटीमीटरचं एक वर्तुळ. मग चाळीस मीटर मोजून त्यानं एस.जी.चा बार काढला. आम्ही कागदाजवळ गेलो. मोठ्या वर्तुळात पाच भोकं होती, पाचही बशीच्या बाहेर. त्यातली दोन, कोल्हा आडवा उभा असता तर मागच्या अंगात बसली असती. दुसरा बार. या वेळी सहा भोकं, एक बशीच्या रेघेवर. त्यानं कागदावर हात ठेवला आणि दोन भोकांमधलं अंतर बोटांनी मोजू लागला. एका ठिकाणी त्याचा पूर्ण पंजा पसरून ठेवला तरी कुठलंच भोक झाकलं जाईना. बराच वेळ तो काही बोलला नाही.

हिशेब करून पाहिला तरी हेच येतं. त्या मोठ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळात बशीचा वाटा जेमतेम चार टक्के. एस.जी.चे दहापैकी सहा छर्रे वर्तुळात आले असं धरलं, तर बशीवर सरासरी पाव छर्रा पडतो, म्हणजे चार बारांत एखादा. ए.ए.ए.चे सत्तावीस आले तर सरासरी एक. बी.बी.चे त्रेपन्न आले तर दोन. आणि सरासरी एक म्हणजे दर वेळी एक नव्हे. छर्रे कसेही विखुरतात, त्यामुळे सरासरी एक असते तेव्हा दर तीन बारांत जवळजवळ एकदा बशी पूर्ण रिकामी राहते. त्याच वेळी उरलेल्या अंगावर, पायांवर, पोटावर, जबड्यावर पाच-सहा छर्रे बसलेले असतात. जनावर पळून जातं, बंदूकवाला 'चुकला' म्हणतो आणि घरी जातो. तो चुकलेला नसतो. ओढ्याकाठी तीन दिवस काय झालं हे त्याला दिसलेलं नसतं, एवढंच.

आता अंतर अर्धं करा. छर्ऱ्यांचा थवा साधारण अंतराच्या प्रमाणात पसरतो, म्हणून अंतर अर्धं झालं की तेवढेच छर्रे पाव जागेत येतात आणि दाटी चौपट होते. सव्वाअठरा मीटरवर त्याच बशीत ए.ए.ए.चे चार आणि बी.बी.चे आठ छर्रे पडायला लागतात. एस.जी. मात्र तिथेही जेमतेम एकावर येतो. आमच्या कागदानं पंचवीस मीटरवर बी.बी.चे पाच छर्रे बशीत दाखवले, दोनदा बार काढला तरी पाचच. नेम तोच, हात तोच. पंधरा मीटर पुढे सरकल्यानं आणि दोन-तीन पायऱ्या बारीक छर्रा घेतल्यानं जे झालं, ते आणखी जाड छर्ऱ्यानं कधीच झालं नसतं.

यावर जाड छर्ऱ्याच्या बाजूनं जे सांगितलं जातं ते खोटं नाही. बारीक छर्रा हवेत लवकर मंदावतो आणि कातडी, चरबी, बरगडी ओलांडून आत जायला कमी पडतो. कोल्ह्यावर 6 नंबर टाकणं म्हणजे त्याला कातडीखाली छर्रे घेऊन जगायला लावणं, आणि तेही क्रूरच. शिरकाव आणि संख्या दोन्ही लागतात. दोन्ही मिळतील असा आकार प्रत्येक जनावरासाठी एका छोट्या पट्ट्यातच सापडतो, आणि हा पट्टा अंतर वाढेल तसा अरुंद होत होत एका जागी संपून जातो. तो संपतो त्याच्या पलीकडे कुठलंच काडतूस उपयोगाचं नसतं. कोल्ह्याएवढ्या प्राण्यासाठी बी.बी. ते ए.ए.ए., आणि तेही पंचवीस-तीस मीटरच्या आत, असं माझं मत आहे. कबुतरं-कावळ्यांसाठी जाड छर्ऱ्याचा विचारही करू नये. डुकरासारख्या जाड कातडीच्या, भरीव अंगाच्या प्राण्यावर छर्ऱ्यांची बंदूक हे मुळातच कमअस्सल हत्यार. तिथे रायफल आणि ती चालवणारा कसलेला माणूस हवा, आणि तो मिळत नसेल तर एस.जी.नं काम भागवू असं म्हणू नये. एस.जी., एल.जी. ही काडतुसं अगदी जवळून, जखमी जनावराची सुटका करण्यापुरती ठीक आहेत.

कायद्यानं छर्ऱ्याचा आकार ठरवणं नवीन नाही. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या 1991 च्या डिअर ॲक्टमध्ये हरणांवर छर्ऱ्याची बंदूक चालवायला एरवी बंदी आहे. पण ज्याच्या पिकाचं नुकसान होतंय आणि पुढेही होण्याची शक्यता आहे, अशा जमिनीच्या कब्जेदाराला सातव्या कलमानं सूट दिली आहे. त्या सुटीत बंदूक किमान बारा बोअरची हवी, नळी किमान 24 इंचांची हवी, आणि काडतुसातला एकही छर्रा 5.16 मिलिमीटरपेक्षा लहान नको, म्हणजे ए.ए.ए. किंवा त्याहून जाड हवा, असं लिहिलं आहे. किंवा मग किमान 22.68 ग्रॅमची, गोल नसलेली एकच गोळी. आकार अक्षरावर न सोडता मापात लिहिला, हे मला फार मोलाचं वाटतं. पण त्याच कलमात अंतर नाही. ए.ए.ए. भरून साठ मीटरवरच्या हरणावर बार काढणारा या कलमातला शब्दन् शब्द पाळतो आणि तरीही त्या हरणाला जायबंदी करतो. कायद्यानं किमान जाडी सांगितली, कमाल अंतर सांगितलं नाही, आणि हाल नेमके तिथूनच होतात.

अंतराचं महत्त्व डेन्मार्कनं फार प्रामाणिकपणे शोधून काढलं. तिथे हिवाळ्यात येणाऱ्या गुलाबी पायांच्या हंसांची शिकार होत असे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी हे हंस जिवंत पकडले आणि त्यांचे एक्स-रे काढले. प्रौढ पक्ष्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक पक्ष्यांच्या अंगात छर्रे निघाले. हे वाचलेले पक्षी होते. जे जखमी होऊन कुठेतरी मेले त्यांची मोजदाद यात नाही. ती चित्रं पाहून देश हादरला, आणि 1997 मध्ये सरकार, शिकाऱ्यांची संघटना आणि निसर्गप्रेमी यांनी मिळून जखमी होणाऱ्या पक्ष्यांचं प्रमाण कमी करायची मोहीम हाती घेतली. तिचा मुख्य भर कमी अंतरावरून बार काढण्यावर होता. पुढच्या वर्षांत एक्स-रे पुन्हा काढले गेले, आणि छर्रे घेऊन उडणाऱ्या हंसांचं प्रमाण स्पष्टपणे घटलेलं दिसलं. हंस काही उपद्रवी प्राणी म्हणून मारले जात नव्हते, पण छर्ऱ्याला त्यानं फरक पडत नाही. मला यातली एक गोष्ट विशेष वाटते. शिकाऱ्यांनी आपलं अपयश मोजू दिलं. आपल्याकडे जखमी होऊन निसटलेल्या जनावरांचा आकडाच नसतो, कारण परवानगीच्या कागदावर 'मारले किती' याच्यासाठी रकाना असतो आणि 'लागून पळाले किती' याच्यासाठी नसतो. असा रकाना असायलाच हवा, आणि त्यात खरा आकडा भरणाऱ्याला शिक्षा होणार नाही हेही आधीच सांगायला हवं. नाहीतर तो रकाना कायम शून्यच दाखवेल.

जाड छर्ऱ्याचा आणखी एक धोका माणसांना आहे. छर्रा जास्तीत जास्त किती लांब जाऊ शकतो याचा एक जुना ठोकताळा आहे. छर्ऱ्याचा इंचातला व्यास गुणिले 2200, उत्तर यार्डांत. 6 नंबरचा छर्रा या हिशेबानं दोनशे मीटरच्या आसपास थांबतो. ए.ए.ए. चारशे मीटरच्या पुढे जातो. अमेरिकन डबल-ओ बकशॉट, जो एस.जी.च्याच जाडीचा, साडेसहाशे मीटरपर्यंत. म्हणजे ज्या छर्ऱ्याला तीस मीटरपलीकडे कोल्हा खात्रीनं मारता येत नाही, तो चारशे मीटरवर झापात झोपलेल्या माणसाला इजा करू शकतो. रात्री दिव्याच्या झोतात जनावराचे डोळे चमकतात तेव्हा बंदूकवाल्याचं लक्ष तेवढ्या दोन ठिपक्यांवर असतं, मागे काय आहे ते अंधारात. अंधारात अंतराचा अंदाजही फार चुकतो. चमकणारे डोळे जवळ वाटतात. पन्नास मीटर हे तीस वाटतं. म्हणून दिवसाउजेडी पावलं मोजून खुणा रोवून ठेवणं, आणि खुणेच्या आत जनावर आलं तरच बार काढणं, याला पर्याय नाही. मागे मातीचा बांध किंवा उतार नसेल तर खुणेच्या आतही नाही.

शिशाबद्दल थोडं. मारलेला उपद्रवी प्राणी सहसा खाल्ला जात नाही. तो तिथेच पडतो किंवा बांधावर टाकला जातो, आणि मग घारी, गरुड, गिधाडं, कोल्हे त्यावर येतात. त्यांच्या पोटातल्या आम्लात शिसं विरघळून रक्तात जातं. बदकासारखा पक्षी एक-दोन छर्रे गिळूनही मरू शकतो. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर हे प्रचंड गिधाड 1987 मध्ये अवघं 27 वर आलं होतं. ते सगळे पकडून, पिंजऱ्यात वाढवून पुन्हा सोडले, आणि सोडलेल्यांचा सर्वांत मोठा मारेकरी शिसंच ठरलं. तिथे 2019 पासून वन्य प्राण्यांवर शिशाची काडतुसं चालवायला पूर्ण बंदी आहे. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी ती 1991 पासून देशभर आहे, डेन्मार्कमध्ये शिशाच्या छर्ऱ्यांवर सरसकट 1996 पासून, आणि युरोपीय संघात पाणथळ जागांमध्ये फेब्रुवारी 2023 पासून. मारून उघड्यावर टाकायच्या जनावरासाठी शिसं वापरणं मला कोणत्याच कारणानं पटत नाही. ज्या गिधाडांनी मेलेली जनावरं खाऊन शिवार स्वच्छ ठेवायचं, त्यांनाच विष घालायचं, याला उपद्रव-नियंत्रण म्हणायचं कसं?

पण शिसं सोडलं की पुन्हा आपण अंतरापाशीच येतो. शिशाच्या छर्ऱ्याची घनता पाण्याच्या अकरा पट, लोखंडाची पावणेआठ पट. त्याच जाडीचा लोखंडी छर्रा शिशाच्या सत्तर टक्केच भरतो आणि लवकर मंदावतो. म्हणून लोखंडी छर्रा शिशापेक्षा दोन नंबरांनी जाड घ्यावा असा प्रघात आहे. तो कठीणही असतो. चार मिलिमीटरहून जाड लोखंडी छर्रा अर्ध्याहून जास्त आवळलेल्या चोकमधून सोडू नये, नळी फुगू शकते, आणि जुन्या पातळ नळ्यांच्या बंदुकीत तर आधी माहीतगाराला दाखवल्याशिवाय भरूच नये. दगडावर आपटून तो शिशापेक्षा जास्त उसळतो. बिस्मथ हा मधला मार्ग आहे, घनता साडेनऊच्या वर, मऊ, जुन्या नळीला चालणारा, पण महाग. या सगळ्यावरून काहीजण म्हणतात की शिशाविना काम होत नाही. माझ्या मते काम होतं, दहा मीटर आणखी जवळ जाऊन.

परवानगीत अंतर लिहिलं तरी रात्रीच्या वेळी ते मोजायला कोण उभं राहणार आहे, असा आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो. कुणीच नाही. पण वेगमर्यादाही प्रत्येक वळणावर पोलीस उभा करून पाळली जात नाही. लिहिलेलं अंतर आधी बंदूकवाल्याच्या डोक्यात जातं. त्याला कळतं की चाळीस मीटर ही त्याच्या धाडसाची गोष्ट नसून चूक आहे. जखमी जनावर सापडलं तर त्याबद्दल विचारायला काहीतरी आधार मिळतो. आणि कागदाची चाचणी तर दिवसाउजेडी, सर्वांसमोर घेता येते. आपली बंदूक, आपला चोक, आपण वापरणार तेच काडतूस, आणि पंचवीस मीटरवर बशीएवढ्या वर्तुळात किमान चार भोकं. जाड छर्रे आवळ चोकमधून कधी कधी एकमेकांवर दाबले जाऊन उलट जास्तच विखुरतात, त्यामुळे खोक्यावरचा मजकूर वाचून किंवा शेजाऱ्याच्या अनुभवावरून हे कळत नाही. प्रत्येक नळीचं वेगळं असतं. तीन काडतुसं आणि एक जुनं वर्तमानपत्र एवढाच त्याचा खर्च.

दुसरा आक्षेप जास्त मनाला लागणारा आहे. ज्याची मेंढरं जातायत त्याला तुम्ही आणखी अटी घालता, असं लोक म्हणतात. मला त्याची जाणीव आहे. पण मी पाहिलेले मेंढपाळ आणि शेतकरी जनावराचे हाल पाहू न शकणारे लोक आहेत. आजारी मेंढीशेजारी रात्रभर बसणारा माणूस कोल्ह्याच्या पोटात छर्रा ठेवून घरी जातो तो दुष्टपणानं नव्हे. त्याला चुकीचं सांगितलं गेलेलं असतं. बरोबर सांगण्याचं काम परवानगी देणाऱ्यांचं आहे, आणि ते त्यांनी केलेलं नाही.

त्या माणसानं तो भोकांचा कागद फेकला नाही. घडी घालून काडतुसांच्या डब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो जिथे बसतो त्या दगडापासून त्यानं पंचवीस पावलं मोजली आणि तिथे पांढरा रंग दिलेली एक खुंटी ठोकली, मग दोन्ही बाजूंना फिरून आणखी चार. एस.जी.ची उरलेली काडतुसं त्यानं माझ्याकडे आणून दिली. महिन्याभरानं भेटला तेव्हा म्हणाला, तीनदा कोल्हा आला, दोनदा खुंटीच्या पलीकडूनच वळला, तेव्हा बंदूक उचललीच नाही. तिसऱ्यांदा आत आला. बारानंतर तो जिथे होता तिथेच पडला, आणि याला उठून फक्त पंधरा पावलं चालावी लागली.